ऊर्वस्थीच्या ऊर्ध्वभागाचे भग्न : शस्त्रकर्म, संधान आणि वैद्याचे कर्तव्य

वृद्धावस्थेत होणाऱ्या भग्नांमध्ये ऊर्वस्थीच्या वरच्या टोकाचे भग्न सर्वांत घातक होय. लोकभाषेत यास 'खुब्याचे हाड मोडले' असे म्हणतात. निमित्त बहुधा क्षुल्लक असते. रात्री लघुशंकेस उठताना पांघरुणात पाय अडकतो, न्हाणीघरातील ओल्या फरशीवर पाय घसरतो किंवा उंबरठ्याची ठेच लागते. मनगट मोडलेला वृद्ध दुसऱ्या दिवशी हात गळ्यात अडकवून घरात वावरू लागतो. खुबा मोडलेला वृद्ध मात्र त्या क्षणापासून शय्येस खिळतो. निरनिराळ्या देशांतील नोंदी पाहता अशा वृद्ध रुग्णांपैकी सर्वसाधारणतः शेकडा २० ते ३० रुग्ण वर्षभरात दगावतात, आणि जे वाचतात त्यांतील अनेकांना पूर्वीसारखे चालता येत नाही.

खेड्यापाड्यांत व लहान गावांत अशा रुग्णाच्या घरून पहिले बोलावणे पुष्कळदा वैद्यालाच येते. त्या पहिल्या तासाभरात वैद्य काय सांगतो, यावर पुढील सर्व अवलंबून असते. 'मुका मार आहे, तेल लावून शेकू या' असे सांगितले गेले की आठ-दहा दिवस सहज निघून जातात. म्हणूनच या भग्नाचे स्वरूप, त्यावरील आधुनिक शस्त्रकर्म, हाड जुळण्याची प्रक्रिया आणि या सर्वांत आयुर्वेदीय चिकित्सकाचे नेमके स्थान यांचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

रचना व भग्नाची स्थाने

ऊर्वस्थी हे शरीरातील सर्वांत लांब व बळकट नलकास्थी आहे. त्याच्या वरच्या टोकास चेंडूसारखे गोल शिर असते व ते श्रोणीच्या उखळीत बसलेले असते. शिराखाली निमुळती ग्रीवा असून ती काण्डाशी सुमारे १२५ ते १३५ अंशांचा कोन करते. ग्रीवा व काण्ड जेथे मिळतात तेथे बाहेरच्या बाजूस मोठा व आतील बाजूस लहान असे दोन उंचवटे असतात. या तिरप्या रचनेमुळे मनुष्यास ऐटीत चालता येते. परंतु शरीराचा भार काण्डावर सरळ न उतरता ग्रीवेवर वाकविणारा जोर पडतो. वार्धक्यात अस्थिधातू क्षीण होऊन आतील जाळी विरळ झाली की हाच भाग प्रथम मोडतो.

स्थानपरत्वे या भग्नाचे तीन मुख्य प्रकार होतात.

१) ग्रीवाभग्न. हे सांध्याच्या आवरणाच्या आत असते.
२) दोन उंचवट्यांमधील भग्न. यास इंटरट्रोकँटरिक फ्रॅक्चर म्हणतात. हे आवरणाच्या बाहेर असते.
३) लहान उंचवट्याखालील, म्हणजे काण्डाच्या आरंभीचे भग्न. यास सबट्रोकँटरिक फ्रॅक्चर म्हणतात.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. आवरणाच्या आतील व बाहेरील भग्नांचे भवितव्य पूर्णतः वेगळे असते, ही गोष्ट लंडनचे प्रसिद्ध शल्यविद सर अॅस्टली कूपर यांनी १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात स्पष्ट मांडली. क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वी ७३ वर्षे केवळ रुग्णपरीक्षण व शवविच्छेदन यांच्या बळावर त्यांनी हा निष्कर्ष काढला होता.

ग्रीवेचे भग्न सहजी का जुळत नाही

एरवी नलकास्थी मोडले की त्या जागी रक्त साचते, काही दिवसांत तेथे मऊ तंतुमय व तरुणास्थिसदृश ऊती तयार होते, काही आठवड्यांत तिच्यात खनिजे साठून कठीण सांधा बनतो आणि पुढे महिनोन्‌महिने त्यास मूळचा आकार येत राहतो. या कार्यात हाडावरील आवरणकलेचा, म्हणजे अस्थिधराकलेचा, वाटा फार मोठा असतो.

ऊर्वस्थीच्या ग्रीवेची गोष्ट निराळी आहे. तेथील आवरणकलेत नवे हाड निर्माण करणारा थर जवळजवळ नसतो. त्यामुळे बाहेरून सांधा धरत नाही. जे काही जुळायचे ते आतून, एका तुकड्याचे दुसऱ्या तुकड्याशी घट्ट मिलन होऊनच. दुसरे असे की सांध्यातील द्रव भग्नरेषेत शिरून साचलेले रक्त टिकू देत नाही. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. प्रौढाच्या ऊर्वस्थिशिरास येणारे रक्त मुख्यत्वे ग्रीवेच्या पृष्ठभागावरून चढत जाणाऱ्या बारीक वाहिन्यांतून येते. ग्रीवा मोडून तुकडे सरकले की या वाहिन्या तुटतात किंवा दाबल्या जातात. ज्या शिरास रक्तच पोचत नाही ते हळूहळू मृत होऊन बसते. हाड वरकरणी जुळलेले दिसत असताही दोन वर्षांपर्यंत केव्हाही हा उपद्रव प्रकट होऊ शकतो.

तुकडे किती सरकले आहेत यावरून इंग्लंडमधील शल्यविद गार्डन यांनी १९६१ साली ग्रीवाभग्नाचे चार वर्ग केले. पहिल्या दोहोंत तुकडे सरकलेले नसतात, शेवटच्या दोहोंत सरकलेले असतात. शस्त्रकर्माचा निर्णय आजही बव्हंशी याच भेदावर होतो.

उंचवट्यांमधील भग्नाचे तसे नाही. तेथील हाड सच्छिद्र, रक्तपुरवठा विपुल व स्नायूंचे वेष्टन भरपूर असल्याने ते भग्न बहुधा तीन-चार महिन्यांत जुळतेच. परंतु नुसते पडून राहून जुळल्यास पाय आखूड होतो व बाहेर वळलेलाच राहतो. शिवाय तितका काळ वृद्ध शरीर शय्येवर टिकेल काय, हा खरा प्रश्न असतो.

सुश्रुतसंहितेतील भग्नविचार

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या १५ व्या अध्यायात भग्नाचे संधिमुक्त व काण्डभग्न असे दोन भेद करून पहिल्याचे सहा व दुसऱ्याचे बारा प्रकार वर्णिले आहेत. चिकित्सास्थानाच्या ३ ऱ्या अध्यायात भग्नचिकित्सा आली आहे. आंछन, पीडन, संक्षेप व बंधन ही चतुःसूत्री, म्हणजे ताणणे, दाबणे, जुळवून आणणे व बांधणे, आजच्या भग्नोपचाराशीही सुसंगत आहे. स्थानभ्रष्ट ऊर्वस्थी चक्रयोगाने ओढून जागेवर आणण्याचा उपदेश तेथेच आहे. जंघा व ऊरूच्या भग्नात रुग्णास कपाटशयनावर, म्हणजे फळीवर, निजवून पाच खुंट्यांच्या साहाय्याने अवयव निश्चल करावा, असे सांगितले आहे. एकोणिसाव्या शतकात प्रचारात आलेली थॉमसची कांब किंवा पायास वजन लावून ताण देण्याची पद्धत याच तत्त्वाची होय.

यापुढे दोन गोष्टी विशेष मननीय आहेत. पहिली कालमर्यादेची. बाल्यात एका महिन्यात संधी स्थिर होतो, मध्यम वयात त्याच्या दुप्पट व उत्तर वयात तिप्पट काळ लागतो, असे आचार्य सांगतात. वृद्धांतील उंचवट्यांमधील भग्नाच्या संधानकाळाशी हे निरीक्षण चांगले जुळते. दुसरी गोष्ट साध्यासाध्यतेची. अल्प आहार घेणारा, संयम नसलेला, वातप्रकृतीचा व उपद्रवांनी ग्रस्त असा रुग्ण कष्टाने बरा होतो, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. खुबा मोडलेल्या वृद्धाचे वर्णन याहून निराळे काय करावे? वय वाताचे, अग्नी मंद, आहार अल्प आणि जोडीला प्रमेह, हृद्रोग किंवा श्वास. कटिप्रदेशातील कपालास्थीचे भग्न व जघनाचे पिष्ट होणे यांना तर आचार्यांनी वर्ज्य म्हटले आहे. ज्या काळी शरीरात धातूचा खिळा बसविणे शक्य नव्हते, त्या काळच्या चिकित्सकाने आपल्या साधनांची मर्यादा ओळखून केलेले हे विधान आहे. ते आंधळेपणाने कवटाळण्यापेक्षा त्यामागील विवेक आपण घ्यावा, असे आम्हास वाटते. साधने बदलली की साध्यासाध्यताही बदलते.

संधान आणि उत्थान

या विषयाचे सार आमच्या मते एका भेदात आहे. हाड जुळणे हे संधान, आणि रुग्ण उठून बसणे व चालू लागणे हे उत्थान. तरुणाच्या भग्नात आधी संधान व मग उत्थान असा क्रम चालतो, कारण त्याचे शरीर तीन महिने वाट पाहू शकते. वृद्धाचे शरीर वाट पाहत नाही. तो पडून राहिला की आठवड्याभरात पाठीवर, टाचेवर शय्याव्रण होतात. फुप्फुसांच्या तळाशी कफ साचून न्यूमोनिया होतो. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होतो. पायाच्या सिरांत रक्त गोठून तो गोळा फुप्फुसात जाऊ शकतो. मलावष्टंभ, अन्नद्वेष व भ्रम जडतात. आणि उरलेसुरले मांसबलही झपाट्याने ओसरते. वृद्ध मरतो तो हाडाने नव्हे, शय्येने.

वर उल्लेखिलेल्या कूपर यांनाही हे उमगले होते. आवरणातील ग्रीवाभग्न जुळण्याची आशा सोडून द्यावी, काही काळाने वृद्धास उंच खुर्चीत बसवावे व पुढे कुबड्यांवर चालवावे, असा त्यांचा सल्ला होता. म्हणजे जीव वाचविण्यासाठी त्यांनी संधानाचा त्याग केला. आधुनिक शस्त्रकर्माचे खरे कर्तृत्व हे की त्याने या दोहोंची सांगड सोडविली. हाड जुळण्यापूर्वीच, धातूच्या आधारावर, रुग्ण उभा राहू शकतो.

शस्त्रकर्माचे प्रकार

बोस्टन येथील शल्यविद स्मिथ-पीटरसन यांनी तीन पाती असलेला खिळा ग्रीवेतून शिरात ठोकून भग्न स्थिर करण्याची पद्धती १९३१ साली प्रसिद्ध केली आणि ग्रीवाभग्नाच्या उपचारास नवे वळण लागले. १९६२ साली इंग्लंडमध्ये चार्नली यांनी संपूर्ण सांधा बदलण्याची भरवशाची पद्धती रूढ केली. आज प्रचलित असलेली शस्त्रकर्मे पुढीलप्रमाणे आहेत.

ग्रीवाभग्न, तुकडे न सरकलेले : क्ष-किरणांचे चित्र पडद्यावर पाहत, लहानशा छेदातून, बहुधा तीन पोकळ स्क्रू ग्रीवेतून शिरापर्यंत बसवितात. स्क्रूच्या आट्या शिरात रुतून दोन्ही तुकडे एकमेकांवर दाबले जातात. आंछन-पीडनाचे पीडन येथे आतून साधले जाते.

ग्रीवाभग्न, तुकडे सरकलेले, रुग्ण तरुण : वाहन-अपघातासारख्या मोठ्या आघाताने हे होते. शिर वाचविणे हे येथील ध्येय असल्याने तुकडे तातडीने जागेवर आणून स्थिर करावे लागतात. येथे वेळ तासांत मोजावी.

ग्रीवाभग्न, तुकडे सरकलेले, रुग्ण वृद्ध : येथे शिर जगण्याची व ग्रीवा जुळण्याची शक्यता कमी असल्याने मोडलेले शिर काढून धातूचे शिर बसवितात. यास अर्धसंधिरोपण म्हणता येईल. अमेरिकेतील ऑस्टिन मूर यांच्या नावाने ओळखले जाणारे रोपण किंवा दुहेरी हालचालीचे बायपोलर रोपण हे याचे प्रकार. पूर्वी स्वतंत्रपणे हिंडणाऱ्या व शरीराने धडधाकट रुग्णात उखळीसह संपूर्ण सांधाही बदलतात. या दोन पद्धतींची तुलना करणाऱ्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, पहिल्या दोन वर्षांत पुन्हा शस्त्रकर्म करावे लागण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून महाग ते सर्वांस श्रेयस्कर, असे समजण्याचे कारण नाही.

उंचवट्यांमधील भग्न : एक जाड स्क्रू शिरात बसवून तो काण्डावरील पट्टीच्या नळीत सरकता ठेवतात. रुग्ण पाय टेकू लागला की स्क्रू नळीत मागे सरकतो व भग्नाचे तुकडे एकमेकांत दाबून बसतात. चालण्याचा भार येथे संधानास साहाय्य करतो. तुकडे अनेक असल्यास किंवा रेषा उलट तिरपी असल्यास काण्डाच्या मज्जापोकळीत सळई घालून तिच्यातून शिरात स्क्रू नेतात. भार हाडाच्या मध्यातून जात असल्याने ही रचना अधिक टिकाऊ ठरते.

उंचवट्यांखालील भग्न : येथे स्नायू वरचा तुकडा पुढे व बाहेर खेचतात आणि खालचा आत ओढतात. बाहेरून बांधून हा ताण आवरणे अवघड असते. म्हणून मज्जापोकळीतील लांब सळई हाच मुख्य उपाय.

शस्त्रकर्म किती लवकर

ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०११ साली असे सांगितले की शस्त्रकर्म रुग्ण दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह १७ देशांतील २९७० रुग्णांच्या अभ्यासात निदानापासून सुमारे ६ तासांत व सुमारे २४ तासांत केलेल्या शस्त्रकर्मांची तुलना झाली. पहिल्या ९० दिवसांतील मृत्यूंत विशेष फरक पडला नाही. परंतु लवकर शस्त्रकर्म झालेल्यांत भ्रम व मूत्रमार्गाचा संसर्ग कमी झाला व ते लवकर उभे राहिले. याचा अर्थ असा की काही तासांच्या फरकाने घाबरून जाऊ नये. पण हा फरक तासांचा होता, आठवड्यांचा नव्हे. प्रकृती स्थिर करून एक-दोन दिवसांत शस्त्रकर्म व्हावे, हे धोरण योग्य.

'वय ऐंशीचे आहे, भूल सोसवेल का', असे नातेवाईक वैद्यासच विचारतात. बहुतेक वेळा पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करूनच हे कर्म करता येते. हृदय, वृक्क, रक्तातील शर्करा यांची तपासणी करून जोखीम ठरविली जाते. ती शून्य नसते. परंतु तिची तुलना निरोगी वृद्धाच्या जोखमीशी न करता, तीन महिने शय्येवर पडून राहणाऱ्या वृद्धाच्या जोखमीशी करावी. जो रुग्ण पूर्वीच अंथरुणास खिळलेला आहे किंवा ज्याचे आयुष्य अन्य व्याधीने थोडकेच उरले आहे, त्याच्याबाबत केवळ वेदनाशमनाचा मार्ग निवडणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. खर्चाच्या भीतीने घरचे लोक मागे हटत असतील, तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेखाली जवळचे कोणते रुग्णालय येते, याची चौकशी करून देणे हेही आपले काम आहे.

वैद्याने पहिल्या भेटीत काय पाहावे

पाय आखूड व बाहेरच्या बाजूस वळलेला, टाच उचलता न येणे, जांघेत तीव्र वेदना, ही लक्षणे असता निदान स्पष्ट आहे. फसगत होते ती निराळ्या रुग्णात. तुकडे एकमेकांत रुतून बसलेल्या ग्रीवाभग्नात पाय आखूड होत नाही, रुग्ण लंगडत चालूही शकतो. काहींना वेदना जांघेत न होता गुडघ्यात जाणवते. अशा रुग्णास गृध्रसी, कटिशूल किंवा संधिवात समजून स्नेहन-स्वेदन सुरू केले, तर चालता-चालता तुकडे सरकतात; तीन स्क्रूंवर भागले असते तेथे सांधा बदलण्याची वेळ येते. म्हणून आम्ही असे सुचवितो :

१) साठीच्या पुढील कोणीही पडल्यानंतर जांघेत, मांडीत किंवा गुडघ्यात दुखते म्हणत असेल, तर क्ष-किरण चित्र पाहिल्याविना अभ्यंग, मर्दन, आंछन यांतील काहीही करू नये.
२) चित्रात भग्न दिसले नाही आणि तरीही पायावर भार देता येत नसेल, तर तेवढ्यावर समाधान मानू नये. काही भग्ने साध्या चित्रात दिसत नाहीत. एमआरआय किंवा सीटी तपासणीत ती उघड होतात.
३) नेताना पाय ओढू नये. दोन्ही पायांमध्ये उशी ठेवून पाय आहे त्या स्थितीत आधार द्यावा. पायावर आवळपट्टी बांधू नये.
४) रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी, आपली चूर्णे, गुग्गुळ कल्प व भस्मेसुद्धा, लिहून सोबत द्यावी. रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा उल्लेख ठळकपणे करावा.
५) अस्थिक्षयावरील अॅलेंड्रोनेटसारखी औषधे अनेक वर्षे घेणाऱ्या रुग्णाच्या मांडीत आघाताविना दुखू लागले, तर उंचवट्याखालील अपूर्ण भग्नाची शंका घ्यावी.

'शस्त्रक्रियेविना हाड जोडून देऊ' अशा पाट्या गावोगावी दिसतात. हाताच्या किंवा पायाच्या साध्या भग्नात कुशल हाडवैद्याचे बंधन उपयोगी ठरते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु सरकलेल्या ग्रीवाभग्नात बाहेरून बांधलेली कोणतीही पट्टी ग्रीवेस धरू शकत नाही, कारण ती मांडीच्या जाड मांसाखाली खोल असते. हे ठामपणे सांगण्याचा अधिकार व दायित्व वैद्याचेच आहे. त्याने सांगितले तर घरचे ऐकतात.

पश्चात्कर्मात आयुर्वेदाचे स्थान

शस्त्रकर्मानंतर दुसऱ्या दिवसापासून रुग्णास बसविणे व वॉकरच्या आधाराने उभे करणे हा आजचा परिपाठ आहे. पायावर किती भार द्यावा हे शल्यविदाकडून लेखी घ्यावे. यापुढील तीन महिने मात्र रुग्ण घरी असतो व तेथेच वैद्याचे खरे कार्य सुरू होते.

आहार : लंघन हा या रुग्णाचा वैरी आहे. सुश्रुताचार्यांनी भग्नरुग्णास शाली, मांसरस, दूध, तूप, मटाराचे यूष असा बृंहण आहार सांगून लवण, कटू, अम्ल, क्षार व रूक्ष अन्न वर्ज्य केले आहे. प्रथिनांचे महत्त्व आजचे शास्त्रही सांगते. अग्नी पाहून प्रथम पेज, मुगाचे कढण, मग दूध-तूप, अंडी किंवा मांसरस असा क्रम ठेवावा. प्रमेही, हृद्रोगी व वृक्करोगी रुग्णांत प्रमाण ठरविताना सावध असावे.

औषध : अस्थिसंहारी, म्हणजे आपली कांडवेल, तसेच लाक्षा, अर्जुन, अश्वगंधा यांची परंपरा मोठी आहे. काशी हिंदू विश्वविद्यालयातील उडुपा व प्रसाद यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या प्राण्यांवरील प्रयोगांत कांडवेलीने भग्नसंधानास गती येते असे दाखविले. हा पुरावा उत्साहवर्धक आहे. परंतु ज्या शिराचा रक्तपुरवठा तुटला आहे त्यास तो परत आणण्याचे सामर्थ्य कोणत्याही वनस्पतीत सिद्ध झालेले नाही. औषध शस्त्रकर्माच्या जोडीला द्यावे, त्याच्या जागी नव्हे. रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शने किंवा गोळ्या चालू असता गुग्गुळ कल्प शल्यविदास विचारल्याविना देऊ नयेत.

अभ्यंग व स्वेदन : व्रण पूर्ण भरेपर्यंत त्या भागी तेल लावू नये. एकाच पोटरीला सूज, उष्णता व वेदना असेल तर अभ्यंग कटाक्षाने टाळावा. तेथे सिरेत रक्त गोठलेले असण्याचा संभव असतो व मर्दनाने तो गोळा सुटू शकतो. अशा रुग्णास तत्काळ तपासणीस पाठवावे. अकस्मात श्वास लागणे हे तर आत्ययिक लक्षण समजावे.

बस्ती : वातशमनासाठी बस्ती श्रेष्ठ खरा. परंतु बस्ती देताना रुग्णास डाव्या कुशीवर निजवून उजवा पाय पोटाकडे दुमडण्याची जी स्थिती आपण देतो, तीच उजव्या बाजूस मागील छेदातून कृत्रिम सांधा बसविलेल्या रुग्णात सांधा निखळविणारी स्थिती आहे. पहिले तीन महिने अशा रुग्णाचा पाय काटकोनाहून अधिक वाकू नये, मध्यरेषेपलीकडे जाऊ नये व आत वळू नये. बस्ती आवश्यकच वाटल्यास शल्यविदाच्या संमतीने, दोन्ही पायांत उशी ठेवून व पाय न दुमडता द्यावा. अन्यथा मृदू अनुलोमनावर भागवावे.

आसन : मांडी घालून, उकिडवे किंवा पाटावर बसणे हे आपल्याकडील नित्याचे व्यवहार. सांधा बदललेल्या रुग्णास ते वर्ज्य होत. उंच खुर्ची व कमोडची सोय रुग्ण घरी येण्यापूर्वीच करण्यास सांगावे.

पुन्हा शल्यविदाकडे केव्हा पाठवावे : व्रणातून स्राव, ज्वर किंवा वाढती लाली, बरा चालत असलेला रुग्ण अचानक चालेनासा होणे, पाय पुन्हा आखूड दिसणे, आणि स्क्रू बसविलेल्या रुग्णात काही महिन्यांनी जांघेत पुन्हा वेदना सुरू होणे. शेवटचे लक्षण शिराच्या मृत्यूचे सूचक असू शकते. त्यास वात म्हणून सोडून देऊ नये.

दुसरे भग्न टाळणे

एक खुबा मोडलेल्याचा दुसरा खुबा मोडण्याची भीती सामान्य वृद्धापेक्षा अधिक असते, कारण अस्थिक्षय दोन्हीकडे सारखाच असतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, खुब्याच्या शस्त्रकर्मानंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रॉनिक अॅसिड दिलेल्या रुग्णांत नवी भग्ने शेकडा ३५ ने व मृत्यू शेकडा २८ ने कमी झाले. तरीही शस्त्रकर्म होऊन घरी आलेल्या कित्येक रुग्णांच्या औषधपत्रावर अस्थिक्षयाचा विचारच झालेला नसतो. हा प्रश्न वैद्याने उपस्थित करावा. ड जीवनसत्त्व व कॅल्शियम पाहावे. डोळ्यांतील मोतीबिंदू, रात्री घेतली जाणारी झोपेची गोळी, उभे राहताच रक्तदाब उतरणे यांची चौकशी करावी. न्हाणीघरात हाताला धरण्यास दांडी, रात्रभर मंद दिवा, सैल चपलांचा त्याग, एवढ्या साध्या गोष्टींनीही पडणे कमी होते.

समारोप

भग्नचिकित्सेचा वारसा सांगताना आपल्याला सुश्रुताचार्यांचा अभिमान वाटतो व तो सार्थ आहे. परंतु त्यांच्या ग्रंथात बंधनाच्या कौशल्याबरोबरच साध्य काय व असाध्य काय हे वेळीच ओळखण्याची शिस्तही आहे. खुब्याच्या भग्नात ही शिस्त पाळणे म्हणजे पहिल्या भेटीत संशय घेणे, त्याच दिवशी रुग्णास योग्य ठिकाणी पोचविणे आणि तो परत आल्यावर आहार, औषध व आधार देऊन त्यास पुन्हा चालते करणे. संधानाचे काम शल्यविदाच्या स्क्रूला व निसर्गाला करू द्यावे. उत्थानाचे काम मात्र आपल्यावाचून पुरे होत नाही. सर्व वैद्यबंधू-भगिनींनी आपल्या परिसरातील एखाद्या अस्थिशल्यविदाशी परिचय करून घ्यावा व असा रुग्ण आल्यास कोठे पाठवावयाचे हे आजच ठरवून ठेवावे, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो.